झाड कुणाचे, सावली कुणाची?

दिवाळी जवळ आली की घरे झाडली जातात, भिंतींना रंग लागतो, आणि घर लहान पडते आहे हा शोध घरातल्या माणसांना दरवर्षी नव्याने लागतो. आमच्या घरी गेल्या वर्षी तो जरा जोरात लागला. थोरला मुलगा नोकरीला लागला होता, लग्नाची बोलणी घरात कानांवर येऊ लागली होती, आणि एक खोली काढल्याशिवाय गत्यंतर नाही असे सर्वानुमते ठरले. जागा एकच होती: पूर्वेकडचे अंगण. त्या अंगणात कडुनिंब उभा होता.

हा निंब माझ्या वडिलांनी मी जन्मलो त्या वर्षी लावला. म्हणजे आम्ही दोघे एकाच वयाचे; त्याची वाढ माझ्यापेक्षा चांगली झाली, एवढाच काय तो फरक. तरीही तो तोडावा असे मला वाटले हे मी लपवीत नाही. जागा माझी, घरपट्टी माझ्या नावावर, झाड माझ्या बापाने लावलेले. मग विचारायचे कुणाला?

एका रविवारी मी लाकूड तोडणाऱ्याला बोलावले. त्याने झाडाभोवती एक फेरी घातली, बुंध्यावर थाप मारली आणि म्हणाला, "मास्तर, पालिकेचा कागद आहे का?"

"माझ्या अंगणातलं झाड तोडायला पालिकेचा कागद कशाला?" मी विचारले.

"ते मले नाही माहीत. कागद नसंल तं मी कुऱ्हाड लावत नाही जी."

आयुष्यभर मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मास्तराला कुऱ्हाडवाल्याने धडा द्यावा, याचा मला राग आला. पण धडा खरा होता. 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम' १९७५ साली झाला. शहरातले झाड तोडायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते. मग ते झाड रस्त्यावरचे असो की स्वतःच्या मालकीच्या जागेतले असो. अर्ज आला की पाहणी होते, झाडावर नोटीस लावली जाते, आणि कुणाची हरकत असेल तर ती ऐकून घेतली जाते. झाड वाळलेले असेल, किंवा त्यापासून माणसाच्या जिवाला धोका असेल, तर परवानगी नाकारता येत नाही. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसावृक्षाचा मान मिळाला, आणि एखादे झाड तोडलेच तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावीत असे ठरले. आमच्या निंबाचे वय शेहेचाळीस. आणखी चार वर्षांनी तो वारसावृक्ष होणार होता; मी मात्र नुसताच म्हातारा होणार होतो.

मी अर्ज केला, पण मनातला राग गेला नाही. आणि तो राग सर्वस्वी खोटा होता असे मला आजही वाटत नाही. फाल्गुनात पाने गळतात ती झाडायची मालकाने. मुळे भिंतीत शिरतात ती भिंत दुरुस्त करायची मालकाने. वादळात फांदी मोडली तर उत्तर द्यायचे मालकाने. आणि तोडायची वेळ आली की हात जोडून उभे राहायचे, तेही मालकानेच! ज्याला आपण "तोडू नकोस" असे सांगतो, त्याचे ओझे थोडे उचलायला नको का?

याच सुमारास आठवीच्या वर्गात शिवकाळ शिकवताना आज्ञापत्राचा विषय निघाला. रामचंद्रपंत अमात्यांचे हे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीचे. आरमाराला लाकूड हवे असते, तेव्हा काय करावे याविषयी त्यात सांगितले आहे. आंबा, फणस यांची लाकडेही आरमाराच्या कामाची. पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन मगच ते न्यावे, असा त्याचा आशय आहे.

वर्गात हे समजावून सांगताना मी मध्येच थांबलो. त्या काळी झाडासाठी राज्याने रयतेला विचारायचे होते. आज रयतेने राज्याला विचारायचे आहे. वरवर पाहता गोष्ट अगदी उलटी झाली. पण आतले तत्त्व तेच राहिले: हातात कुऱ्हाड आहे आणि अंगात बळ आहे, एवढ्यावर झाड तोडता येत नाही. ज्याचा जीव त्यात गुंतलेला आहे, त्याला आधी विचारावे लागते. मग प्रश्न उरला तो एवढाच, की माझ्या निंबात माझ्याखेरीज आणखी कुणाचा जीव गुंतलेला आहे?

उत्तर फार दूर नव्हते. झाडावर नोटीस लागली त्या संध्याकाळी शेजारच्या आजी कुंपणापाशी आल्या. त्यांचे घर आमच्या पूर्वेला, दोन खोल्यांचे, वर टिनाचे छप्पर. वर्धेकडचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना पारा शेहेचाळीसवर गेला म्हणजे टिनाखाली काय होते ते सांगायला नको. दुपार कलली की निंबाची सावली सरकत त्यांच्या अंगणात जाते, आणि त्या बाज टाकून तिथे पडतात. हे मी वर्षानुवर्षे पाहत होतो. पण पाहणे निराळे आणि ध्यानात येणे निराळे.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "झाड तुमचं आहे, मी कोठं नाही म्हन्ते? पन सावली तं माह्या आंगनात पडते नं. ते बी तुमचीच काय?"

मी काहीतरी पुटपुटलो आणि घरात गेलो.

आठ दिवसांनी पाहणीला अधिकारी आले. त्यांच्या फायलीत हरकतीचा एकच कागद होता, वहीच्या पानावर लिहिलेला. आजींना लिहिता येत नाही. नातीकडून त्यांनी तो लिहवून घेतला होता. नात आमच्याच शाळेत, माझ्याच वर्गात. 'आमची सावलि जाईल' असे तिने लिहिले होते. ती वेलांटी मी मनातल्या मनात दुरुस्त केली. वाक्य मात्र दुरुस्त करता येईना.

अधिकारी भला माणूस होता. त्याने दोघांचेही ऐकून घेतले, जागेचे माप घेतले. महिन्याभराने परवानगी आली: खोलीची गरज खरी दिसते, झाड तोडण्यास हरकत नाही, मात्र वयाइतकी, म्हणजे शेहेचाळीस रोपे लावावीत.

वाचकहो, गोष्ट इथे संपायला हवी होती. कायद्याने विचारले, मी उत्तर दिले, कायद्याचे समाधान झाले. पण हाती तो कागद आला तेव्हाच खरी अडचण सुरू झाली. तोवर मी पालिकेशी भांडत होतो. आता भांडायला समोर कुणी उरले नाही. शेहेचाळीस रोपे लावता येतात, शेहेचाळीस वर्षे लावता येत नाहीत. आणि ती रोपे गावाबाहेर कुठेतरी वाढतील, तोवर आजींनी बाज कुठे टाकायची?

परवानगी म्हणजे निर्दोषपणा नव्हे. मुंबईत आरे येथे मेट्रोच्या कारशेडसाठी २६४६ झाडांबाबत २०१९ साली रीतसर मंजुरी मिळाली होती. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. आमच्या जिल्ह्यातही २०२० साली वर्धा–सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुनी झाडे पडू लागली, लोक जमले, आणि काम थांबवावे लागले. त्या वेळी मीही शिक्षकांच्या खोलीत मोठ्या तावातावाने बोललो होतो. सरकारी झाडासाठी हळहळायला पैसा पडत नाही. आपल्या अंगणातल्या झाडाची पाळी येते, तेव्हा आपली किंमत कळते.

सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ आहे, कस्तुरबांनी लावलेला बकुळ आहे. शाळेची सहल घेऊन मी तिथे कितीदा तरी गेलो, आणि विश्वस्तवृत्ती म्हणजे काय ते मुलांना सांगितले: संपत्ती ज्याच्या हाती आहे त्याने ती आपली न मानता, समाजाची ठेव म्हणून सांभाळावी. हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी कुणी गिरणीमालक किंवा जमीनदार असे. साध्या मास्तराजवळ विश्वस्त व्हावे असे काय असणार? निंब होता, तो मला दिसला नाही.

शेवटी आम्ही झाड राखले. मी मोठा त्याग केला असे कृपा करून समजू नका. खोली माडीवर काढली. त्यासाठी शिक्षकांच्या पतसंस्थेचे कर्ज काढावे लागले, आणि हप्ते अजून चार वर्षे फिटायचे आहेत. घरच्या मंडळींनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, आणि तो अगदीच अन्याय्य होता असे म्हणवत नाही. माझ्या जागी एखादा असता, ज्याला माडी बांधण्याची ऐपतच नाही, तर त्याने झाड तोडले म्हणून त्याला नाव ठेवण्याचा अधिकार मला नाही. मात्र त्यानेही आधी कुंपणापलीकडे जाऊन विचारावे, एवढे मी म्हणेन. तो कागद मिळण्यापूर्वी मी एकदा आजींच्या अंगणात जाऊन बसायला हवे होते. ते मी केले नाही, आणि त्या कामासाठी सहावीतल्या पोरीला अर्ज लिहावा लागला.

यंदाच्या फाल्गुनात एक नवीन गोष्ट घडली. सकाळी उठून पाहतो तो आजींची नात आमच्या अंगणातली पाने झाडीत होती. मी म्हटले, "अगं, हे आमचं काम."

"आजीनं सांगतलं," ती म्हणाली. "सावली आपन घेतो, तं पानं बी आपनच झाडाची."

मी दुसरा खराटा आणायला आत गेलो.