पुरलेली ठेव?



मत्तयच्या शुभवर्तमानातला ठेवींचा दाखला आपण कितीदा तरी ऐकला आहे. धन्याने सोपवलेले द्रव्य एका चाकराने जमिनीत पुरले आणि तो दोषी ठरला. या दाखल्यावर प्रवचन करताना आम्ही पालकांना आणि तरुणांना हेच सांगत आलो, की देवाने दिलेले गुण वाया घालवू नका. आज मात्र जिने आपला गुण ऐन भरात बाजूला ठेवला, अशा एका स्त्रीविषयी लिहायचे आहे.

माया मूर ही अमेरिकेची बास्केटबॉलपटू. २०११ ते २०१८ ती मिनेसोटा लिंक्स या व्यावसायिक संघातून खेळली आणि त्या काळात संघाने चार विजेतेपदे मिळवली. २०१४ साली ती लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०१२ आणि २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये तिला सुवर्णपदके मिळाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तिने यंदा खेळणार नसल्याचे जाहीर केले.

कारण तुरुंगात होते. मिसूरी राज्यातल्या जोनाथन आयरन्स या कृष्णवर्णीय मुलाला सोळाव्या वर्षी अटक झाली होती. चोरीसाठी घरात शिरून घरमालकावर गोळी झाडल्याचा आरोप होता. १९९८ मध्ये सर्व गोऱ्या ज्युरींनी त्याला दोषी ठरवले आणि शिक्षा झाली ५० वर्षांची. मायाच्या नातेवाइकांची त्याच्याशी ओळख तुरुंगसेवेतून झाली. २००७ साली, कॉलेजला जाण्यापूर्वी, तीही त्याला भेटली. त्याच्या सुटकेच्या लढ्यासाठी तिने खेळ थांबवला.

सेमिनरीत कांट शिकताना आम्हांला एक उदाहरण पाठ होते: ऐषारामात राहून आपल्या गुणांना गंज चढू देणारा माणूस कर्तव्य चुकतो. माया त्या माणसात बसत नाही, तिने ऐषाराम निवडला नव्हता. तरी आक्षेप उरतोच. खटला वकील लढवतात. तिने खेळत राहून पैसा पुरवला असता तर चालले नसते का? आणि सहखेळाडूंचे काय, ज्यांना त्या २०१९ मध्ये विजेतेपद मिळाले नाही? हा आक्षेप आम्हांला हलका वाटत नाही.

पण मत्तयचा पंचविसावा अध्याय उघडा. तिसाव्या वचनाला ठेवींचा दाखला संपतो आणि लगेच एकतिसाव्याला शेवटच्या न्यायाचा देखावा सुरू होतो. तिथे प्रभू विचारतो ते भुकेल्याविषयी, परक्याविषयी, तुरुंगातल्याविषयी. आम्ही वर्षानुवर्षे ही दोन प्रवचने वेगवेगळ्या रविवारी केली, दोन्ही एकत्र वाचली नाहीत. द्रव्य कुठे गुंतवायचे हे धन्याने दाखल्यात सांगितलेलेच नव्हते.

घटनास्थळी मिळालेल्या बोटांच्या ठशांचा एक अहवाल बचाव पक्षाला दिलाच गेला नव्हता. मार्च २०२० मध्ये न्यायाधीशांनी शिक्षा रद्द केली आणि १ जुलैला जोनाथन बाहेर आला. पुढे काही दिवसांतच दोघांनी लग्न केले. मग काहींनी विचारले, हा त्याग होता की प्रेम? कांटला कदाचित ही शंका पटली असती. संत थॉमस अक्विनास मात्र म्हणतात की प्रीतीला क्रम असतो, जवळच्याचे ऋण आधी. प्रेमामुळे कृतीचे मोल घटते असे आम्हीही मानत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये तिने कायमची निवृत्ती जाहीर केली. २०२४ साली लिंक्स संघाने तिचा २३ क्रमांक निवृत्त केला.

आम्हांला एक गोष्ट मात्र खटकते. २०१९ च्या फेब्रुवारीत निकाल कोणालाच ठाऊक नव्हता. न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला असता, जोनाथन आजही आत असता, तरी तिचा निर्णय तेवढाच योग्य किंवा अयोग्य राहिला असता. पण मग आम्ही तिच्यावर हे पान लिहिले असते का? बहुधा नसते.