हाताला झेपेल एवढं घर

निवांत बसा. आज एका घराचा विचार करू, आणि तो घाईने करायचा नाही.

घर 13 फुटांचं आहे. त्याला दोन चाकं आहेत आणि वर गोलसर कडांचं पांढरं फायबरग्लासचं कवच आहे. दार उघडून आत या. मागच्या खिडकीशी टेबल आणि दोन बाकं. रात्री टेबल खाली उतरवलं की तिथेच पलंग होतो. मध्ये दोन बर्नरची शेगडी, लहानसं सिंक, त्याखाली फ्रीज. पुढे आणखी एक बाक. एक जण पोळ्या लाटत असेल तर दुसऱ्याने बसून राहायचं, एवढीच जागा. दारात उभं राहिलं की सगळं घर नजरेत मावतं. ती नजर एकदा सावकाश फिरवा. बघायचं राहिलं असं काही उरलं का?

रोजच्या घरात असं होत नाही. पाणी कोणत्या नळीतून येतं, वायर कोणत्या भिंतीतून गेली आहे, सांडपाणी पुढे कुठे जातं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं आणि त्यावाचून काही अडतही नाही. म्हणून एक प्रश्न मनाशी धरून पुढे जाऊ: ज्या वस्तूचा कोपरा न् कोपरा आपल्याला माहीत आहे, तिच्याजवळ जीव निवांत का होतो?

या घराचा वंश कॅनडातला. 1968 साली विनिपेग शहरात रे ओलेको यांनी ‘बोलर’ नावाचा ट्रेलर बाजारात आणला. फायबरग्लासच्या सेप्टिक टाक्या बनवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. वरचं अर्धं आणि खालचं अर्धं कवच वेगवेगळ्या साच्यांत घडवायचं आणि दोन्ही कमरेशी जोडायची, अशी त्याची रचना. वजन इतकं कमी की साधी गाडीही ओढू शकेल. थोड्याच वर्षांत मिनेसोटातल्या बॅकस या छोट्या गावात त्याच धाटणीचे ‘स्कॅम्प’ तयार होऊ लागले आणि ते आजही होतात. आम्ही मिनेसोटात राहतो, त्यामुळे लेक सुपीरियरच्या उत्तर किनाऱ्याने जाणाऱ्या हायवे 61 वर हे पांढरे ट्रेलर उन्हाळाभर दिसतात. त्यातले काही ओढणाऱ्या माणसांपेक्षा वयाने मोठे असतात. पन्नास वर्षं टिकलेला ट्रेलर पाहिला की समजावं, याला कोणीतरी दरवर्षी हात लावून बघितलं आहे.

तो हात आता आपणही लावू.

वसंत ऋतू आहे, बर्फ वितळलं आहे. कवचाच्या बाहेरून चालत जा. डोक्यावरची कपाटं आतून कवचाला रिव्हेटांनी आवळलेली असतात आणि बाहेर प्रत्येक रिव्हेटवर नखाएवढी पांढरी प्लास्टिकची टोपी असते. एक टोपी नखाने उचकटा. खालचं रिव्हेट कोरडं आणि घट्ट असेल तर टोपी परत दाबून बसवा. कडेला तांबूस डाग दिसला तर पाणी तिथून वाट काढतं आहे. जुनं रिव्हेट ड्रिलने काढायचं, नव्याला सीलंट लावून ते बसवायचं, आणि पुढच्या टोपीकडे जायचं. मग खिडक्यांच्या चौकटी, मग छपरावरची हवेची खिडकी. कवचाला छपरावर सांधा नाही. त्यात जिथे जिथे माणसाने भोक पाडलं, तिथे ते गळू शकतं.

इथे थोडं थांबा. पाण्याचं वागणं बघा. एका पावसात ते घर बुडवत नाही. थेंब शिरतो, कवचाच्या आतून ओघळतो, खालच्या लाकडी फळीच्या कडेला जाऊन मुरतो. दिसत काहीच नाही. कधीतरी अनवाणी पाय टेकला की फळी मऊ लागते, तेव्हा कळतं. नुकसान गुपचूप होत असतं. म्हणून काही बिघडलेलं नसतानाही बघावं लागतं. तुमच्या आयुष्यात असं काय आहे, जे चाललंय ना ठीक, म्हणून बरेच दिवस पाहिलेलंच नाही? उत्तर लगेच नको. प्रश्न असू द्या.

आता खाली, चाकांपाशी बसा. टायरच्या कडेवर अक्षरं-आकड्यांची एक ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे वाचा. ‘2319’ असेल तर टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. ट्रेलर चालतो थोडा, उभा राहतो फार. त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर आतून म्हातारं झालेलं असतं. पाच-सहा वर्षांनी टायर बदलायचा, दिसायला कितीही चांगला असला तरी.

मग चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. कान द्या. चाक गुपचूप फिरलं तर ठीक. घरघर आली, किंवा वर-खाली धरून हलवताना खेळ जाणवला, तर बेअरिंग तुम्हाला काही सांगतं आहे. वर्षातून एकदा बेअरिंग बाहेर काढायचं, जुनं काळं ग्रीस पुसून काढायचं आणि तळहातावर नवं घेऊन ते फटीफटीतून दाबत भरायचं. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणारा गाडीवान हेच करत होता. तेलपाणी झाल्याशिवाय तो लांबच्या वाटेला लागत नसे. प्रवासात पहिल्यांदा थांबलात की खाली उतरून चाकाच्या तुंब्याजवळ हात न्या. कोमट असेल तर पुढे चला. हात धरवत नसेल तर तिथेच थांबा. चाक नुकतंच बसवलेलं असेल तर पहिल्या 80 किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळून घ्या.

आता ट्रेलर गाडीला जोडू. ट्रेलरच्या नाकावरचा कपलर गाडीमागच्या बॉलवर उतरला, खटका लागला, पिन घातली. साखळ्या खालून एकमेकींना छेदून अडकवल्या, म्हणजे जोड सुटलाच तर ट्रेलरचं नाक त्यांच्या झोळीत पडेल, रस्त्यावर नाही. दिवे लागतात का, एकाने मागे उभं राहून सांगितलं. जोडणीच्या वेळी गप्पा मारायच्या नाहीत, मध्येच फोन घ्यायचा नाही. मध्ये कोणी बोललंच, तर पहिल्या खटक्यापासून पुन्हा सुरुवात.

ओझ्याचा विचार करा. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार बॉलवर यायला हवा. 600 किलोचा ट्रेलर असेल तर 60 ते 90 किलो. जड सामान आसाच्या पुढच्या बाजूला ठेवलं की हे जमतं. तेच सामान मागे गेलं, तर तेवढ्याच वजनाचा ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो. वजन किती यापेक्षा ते कुठे ठेवलं याने प्रवास ठरतो. आणि शेपूट हललीच, तर जोरात ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग झटकायचं नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय उचला, चाक सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. घाबरलेल्या पायाला ब्रेकच हवा असतो. त्याला आधीच, आत्ता निवांत बसलेले असताना, हे शिकवून ठेवा.

मुक्कामाची जागा आली. ट्रेलर उलटा आत घालायचा आहे. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलरची पाठ ज्या बाजूला न्यायची, हात त्याच बाजूला, अगदी थोडा. लहान ट्रेलर चटकन वळतो, म्हणून थोड्याने खूप होतं. शंका आली की थांबा, उतरा, बघून या. मागची माणसं वाट पाहतील. कॅम्पग्राउंडमध्ये कोणी हॉर्न वाजवत नाही. उलट कोणीतरी खुर्चीतून उठून हात दाखवायला येतं.

पाणसळ ट्रेलरच्या आतल्या जमिनीवर ठेवा. बुडबुडा डावीकडे गेला, म्हणजे उजवी बाजू खाली आहे. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच उजव्या चाकाखाली फळी सरकवा. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, आणि त्यानंतरच गाडीपासून सोडवा. पुढचा जॅक फिरवून नाक वर-खाली करा. शेवटी चार कोपऱ्यांचे पाय टेकवा. ते डुगडुग थांबवण्यासाठी असतात, घर उचलण्यासाठी नाही. हा क्रम जपायचा. गॅसवर चालणारा फ्रीजही समतल जागा मागतो: त्यात कॉम्प्रेसर नसतो, उष्णतेने अमोनिया वर चढतो आणि आपल्या भाराने खाली परततो. घर कललेलं राहिलं की तो प्रवाह अडतो. बुडबुडा मध्यावर येऊन थांबतो तो क्षण पाहा. सबंध दिवसाची धावपळ तिथे संपते.

आता पाणी. अशा घराची टाकी पन्नास लिटरच्या आसपास असते. अमेरिकेत एक माणूस घरी दिवसाला सरासरी 300 लिटर पाणी वापरतो. इथे दोघांना तेवढ्या टाकीत दोन-तीन दिवस काढायचे असतात, आणि ते निघतात. ताट आधी कागदाने पुसायचं, मग थोड्या पाण्यात विसळायचं. वापरलेलं पाणी खालच्या टाकीत जातं. ती भरल्याचं तुम्हालाच बघायचं आणि ठरलेल्या जागी नेऊन तुम्हालाच रिकामी करायची. आलेलं पाणी आणि गेलेलं पाणी, दोन्ही डोळ्यांसमोर. कुणी काटकसर करायला सांगितलेलं नसतं. हिशोब दिसला की हात आपोआप आखडतो. पाण्यासाठी टँकरची वाट पाहिलेल्या मराठी माणसाला हे नव्याने शिकवावं लागत नाही.

स्वयंपाक शक्यतो बाहेरच्या टेबलावर करा. आत केलात तर छपराची खिडकी आणि बाजूची एक खिडकी उघडी हवी, थंडी असली तरी. जळणाऱ्या गॅसला हवा लागते आणि माणसांनाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, बटण दाबून बघा. पिठल्याला फोडणी बसली की हिंग-लसणाचा वास सूचिपर्णी झाडांत दूरवर जातो. या रानात अस्वलं आहेत; जेवण झालं की भांडी, पिशव्या, खरकटं सगळं आत किंवा गाडीत बंद. शेकोटीचं लाकूड जवळपासच विकत घ्यावं. ॲश झाडं पोखरणारा हिरवा किडा 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि सरपणातून प्रवास करत राज्याराज्यांत पोचला. चार ओंडके घरून आणावेत, इतकी साधी गोष्टही जंगल मारू शकते.

रात्र झाली. टेबलाचा पलंग झाला. सिलेंडरचा कॉक कुठे आहे, तुम्हाला माहीत आहे. बॅटरी किती उरली, पाणी किती उरलं, चाकाखाली कोणती फळी आहे, हेही माहीत आहे. छपरावर पाऊस वाजू लागला, तर प्रत्येक रिव्हेट आठवतं. त्यावरची टोपी तुम्ही स्वतः बसवली आहे. सुरुवातीचा प्रश्न आता परत घ्या. जीव निवांत का होतो? संकट येणार नाही असा भरवसा कोणालाच नाही. पण जे आपल्या हाताखालून गेलं आहे, त्याची अंधारात भीती वाटत नाही. झोपेला एवढं पुरतं.

ऑक्टोबरात बर्चची पानं पिवळी पडतात आणि घर निजवायची वेळ येते. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि नळी फोडायला तेवढं बस होतं. टाक्या, नळ्या रिकाम्या करा. मग पंपाने गुलाबी अँटिफ्रीझ खेचा. ते प्रॉपिलिन ग्लायकॉलचं, पाण्याच्या नळ्यांसाठीच असलेलं घ्यावं, गाडीच्या इंजिनातलं नव्हे. नळातून गुलाबी धार येईपर्यंत थांबा. बॅटरी काढून घरात ठेवा, उंदरांच्या वाटा स्टील वूलने बुजवा, दार लावा.

असा ट्रेलर घ्यायचा विचार असेल तर शेवटी एवढंच सांगते. जुना बघायला जाल, तेव्हा रंग आणि पडदे नंतर बघा. आधी बूट काढून आत जा आणि कडेकडेने जमीन पायाने दाबत चाला. टायरवरचे चार आकडे वाचा. बेअरिंगला ग्रीस कधी भरलं ते विचारा. आणि आकार ठरवताना शेजाऱ्याचा ट्रेलर बघू नका, आपले हात बघा. वर्षातून एकदा ज्याचं प्रत्येक रिव्हेट तुम्ही स्वतः तपासू शकाल, तेवढंच मोठं घर घ्या.