ड्रॉइंग कोणाचं?

वाळूजमधल्या कुठल्याही छोट्या व्हेंडरकडे जा. मशीनशेजारी प्लास्टिकच्या पाकिटात अडकवलेलं ड्रॉइंग दिसेल. मापं, टॉलरन्स आणि कोपऱ्यात एक चौकट: रिव्हिजन कितवी, तारीख काय, बदल कोणी केला. हे ड्रॉइंग पार्टीचं, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीचं. त्यातली एक रेष हलवायची तरी वरून मंजुरी हवी. १९८५मध्ये बजाजचा कारखाना इथे आला आणि त्याच्याभोवती सुटे भाग काढणाऱ्या शॉप्समध्ये छत्रपती संभाजीनगरचे हात तयार झाले. या हातांनी मराठवाड्यातली किती घरं उभी केली, ते सांगायला नको. पण दुसऱ्याचं ड्रॉइंग उघडून बघायची, बदलायची सवय या व्यवस्थेने लावली नाही. तिला ती परवडणारीही नव्हती.

म्हणून कंपनीतून सुटल्यावर घरच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न तापवत बसणाऱ्या पोरांकडे मी निव्वळ हौशी म्हणून बघत नाही. त्यांच्या हातात प्रथमच असं ड्रॉइंग आलेलं असतं, जे बदलायला कोणाला विचारावं लागत नाही.

अशा खुल्या ड्रॉइंगांतलं सर्वांत प्रसिद्ध ड्रॉइंग आर्डुइनोचं, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या एका छोट्या सर्किट बोर्डाचं. त्याचं जन्मगावही आपल्या ओळखीचं वाटावं असं आहे. इटलीतलं इव्ह्रेआ हे ऑलिव्हेट्टीच्या टाइपरायटरवर वाढलेलं कारखान्याचं गाव. तिथल्या डिझाइन संस्थेत २००५मध्ये मास्सिमो बान्झी आणि सहकाऱ्यांनी हा बोर्ड केला. सर्किट खुलं ठेवलं, नाव तेवढं राखलं. त्यामुळे काही शे रुपयांत मिळणारा चिनी बोर्ड हा चोरीचा माल ठरत नाही. त्यावर आर्डुइनो हे नाव छापलं नाही म्हणजे झालं. पण याच संस्थेतल्या हेर्नांदो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याने आधीच ‘वायरिंग’ नावाची व्यवस्था प्रबंधासाठी उभी केली होती, आणि बान्झी त्याचे मार्गदर्शक होते. आर्डुइनो त्याच पायावर उभा राहिला. आपलं श्रेय झाकलं गेलं, अशी बारागानची तक्रार आहे. खुल्या जगात सगळेच साधुसंत असतात, असं समजणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

आपल्याकडे हा छंद फिरून फिरून विहिरीवर येतो. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने येते, कधी मध्यरात्री. शहरात नोकरी करणाऱ्या पोराला वाटतं, वडिलांना अंधारात जावं लागू नये, मोटार मोबाइलवरून चालू व्हावी. सिम८००एल नावाचं स्वस्त मॉड्यूल, एक रिले, स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर. टेबलावर सगळं झकास चालतं. शेतात नेलं की रडगाणं सुरू. टॉवरशी बोलताना हे मॉड्यूल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट खेचतं. वायर बारीक असली की व्होल्टेज बसतं आणि मॉड्यूल बंद पडून पुन्हा पहिल्यापासून. मोठा कपॅसिटर टाकून ते निस्तरावं, तर कॉन्टॅक्टरची कॉइल सुटतानाच्या झटक्याने कंट्रोलर रीसेट होतो. तिथे स्नबर लावावा लागतो. तेही जमलं, तर सिम जिओचं निघतं. मॉड्यूल फक्त टूजीवर चालणारं, आणि जिओकडे टूजी नाहीच. शिवाय एखादी फेज गेल्याचं ओळखायची सोय राहून गेली असेल, तर मोटारच जळते.

यातली एकेक अडचण तालुक्यातालुक्यात नव्याने भेटते, सुटते आणि सोडवणाऱ्याच्या डोक्यातच राहते. माझी खरी तक्रार इथे आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९मध्ये लिहिलेल्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचा सौदा सरळ होता: चालवा, वाचा, बदला, वाटा; मात्र बदललेलं वाटाल ते याच अटींवर. आपण त्यातलं फुकटेपण तेवढं उचललं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ब्लॅक बुकसकट विकत मिळतो, आणि खाली उतरवलेल्या कोडवरचं मूळ लेखकाचं नाव खोडणं ही पहिली ‘सुधारणा’ असते. गिट काय करतं, हे या मुलांना शिकवावं लागतं याचं मला नवल वाटतं. त्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली चौकटच ती. कोणी, केव्हा, काय बदललं याची नोंद.

महाराष्ट्रात हे जमत नाही, असं मात्र नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं आणि ते काम गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे, ही तिथली रीत. २००२मध्ये एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांची फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या अवजारांची कार्यशाळा, अमेरिकेबाहेर प्रथम गेली ती या पाबळला. अवजारं बाहेरून आली. त्यांना द्यायचं काम गावात आधीच तयार होतं.

वाळूजचा गाळेवाला यावर विचारेल, आणि रास्त विचारेल: सगळं उघडं टाकलं तर शेजारचा उद्या दोन रुपयांनी स्वस्त काढेल, त्याचं काय? काढेलच. पार्टीचा जॉब कोणी उघडा करावा असं मी म्हणतही नाही. पण जुन्या पॉवर प्रेसचे स्ट्रोक मोजायला प्रॉक्सिमिटी सेन्सर लावून केलेला काउंटर, कॉम्प्रेसर रात्री चालू राहिला तर मेसेज पाठवणारी डबी, यांनी कोणाचं गिऱ्हाईक पळत नाही. सर्किट, कोड आणि ‘इथे दोनदा जळलं, म्हणून हा रेझिस्टर बदलला’ अशी मराठीतली चार वाक्यं कॉलेजांनी प्रोजेक्टसोबत मागावीत, आणि निम्मे मार्क त्या चार वाक्यांना द्यावेत.