पांग कोणाचे फेडायचे?



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. नावे पुकारली जातात, प्रशस्तिपत्रक आणि गुलाबाचे फूल मिळते, टाळ्या वाजतात. त्यानंतर भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, ‘पुढे काय करणार?’ उत्तरेही ठरलेली असतात. कोणी इंजिनीअर होणार असतो, कोणी नर्स, कोणी सी.ए., तर कोणी परदेशी जाणार असतो. विचारणाऱ्याचे समाधान होते आणि विषय संपतो.

मी गणित विषय घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकते आहे. हा प्रश्न मलाही अनेकांनी विचारला. परंतु ‘तू शिकते आहेस ते कोणाच्या जिवावर आणि कोणासाठी?’ असे कोणी विचारले नाही. म्हणून तो प्रश्न मीच स्वतःला विचारला. जे सुचले ते आपल्यापुढे मांडत आहे.

आधी जिवावर कोणाच्या, ते पाहू. आपल्याला वाटते, फी बाबांनी भरली म्हणजे शिक्षणाचा खर्च बाबांनी केला. पण अनुदानित कॉलेजातील प्राध्यापकांचा पगार शासन देते. प्रयोगशाळा, ग्रंथालय, परीक्षा यांचा सगळा खर्च काही आमच्या फीमधून भागत नाही. शासनाचा पैसा म्हणजे लोकांचा पैसा. आयकर भरणारे थोडे असतील, पण साबणाची वडी किंवा चपलेचा जोड विकत घेणारा प्रत्येक माणूस कर भरतो. गटार साफ करणारा भरतो, वीटभट्टीवर राबणारी बाईदेखील भरते. तिचा मुलगा कॉलेजचे तोंडही पाहणार नाही कदाचित. पण माझ्या वर्गातील फळा आणि खडू यांत तिचे चार पैसे आहेतच.

हा विचार माझा नवा नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी एक निवेदन सादर केले होते. सरकारी तिजोरी भरते ती मुख्यतः रयतेच्या घामाने. पण तो पैसा खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, आणि रयतेच्या मुलांच्या वाट्याला साधी प्राथमिक शाळाही येत नाही, असा त्याचा आशय होता. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आपल्या देशात लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. मधे १२८ वर्षे गेली! या काळात ज्यांना शाळा मिळाली नाही, त्यांनी ज्यांना मिळाली त्यांचा खर्च उचलला.

ही गोष्ट केवळ सरकारी हिशेबात नाही, ती आपल्या घराघरांत आहे. माझी थोरली आत्या सातवीपर्यंत शिकली. हुशार होती, पाढे तिला अजूनही तोंडपाठ आहेत. पण घरात पाच भावंडे, वाडी लहान आणि आजोबांची तब्येत तोळामासा. तिची शाळा सुटली आणि डोक्यावर भाजीची पाटी आली. पहाटेची लोकल पकडून दादरच्या बाजारात जायचे, दुपारी परतायचे आणि संध्याकाळी पुन्हा वाडीत शिंपणे करायचे. तिच्या त्या पैशांवर माझे बाबा आणि काका शिकले. बाबा शिकले म्हणून त्यांना नोकरी मिळाली आणि ती मिळाली म्हणून मी आज कॉलेजात आहे. आमच्या घरातल्या पदव्या मोजायच्या तर पहिली पदवी आत्याच्या नावावर लिहायला हवी. वसईच्या पट्ट्यात अशी आत्या, अशी मोठी बहीण, असा वाडीतच राहिलेला थोरला भाऊ नाही, असे किती घर सापडेल?

यावर कोणी म्हणेल, ‘पण अभ्यास तर तूच केलास ना? पहाटे चार वाजता तूच उठलीस ना?’ होय, मीच उठले. मेहनतीचे मोल मी कमी करत नाही. आळशी माणसाला दहा जणांनी मदत केली तरी तो शिकत नाही. पण पहाटे चारला उठून पुस्तक उघडण्याची मोकळीक मला होती. त्याच वेळी उठून आत्याला स्टेशन गाठावे लागत होते. मेहनत दोघींनी केली. माझ्या मेहनतीला गुणपत्रिका मिळाली, तिच्या मेहनतीला मिळाली नाही, एवढाच फरक.

मत्तयच्या शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायात धन्याने चाकरांवर सोपवलेल्या द्रव्याचा दाखला आहे. ‘टॅलन्ट’ हे मुळात त्या द्रव्याचे नाव. एक टॅलन्ट म्हणजे मजुराची सुमारे वीस वर्षांची मजुरी. अंगच्या गुणांना इंग्रजीत टॅलन्ट म्हणू लागले ते याच दाखल्यावरून. त्यातील तिसरा चाकर मला नेहमी विचारात पाडतो. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही. जेवढे मिळाले तेवढे जमिनीत पुरून सांभाळून ठेवले आणि जसेच्या तसे परत केले. तरी प्रभू येशू त्याला चांगला चाकर म्हणत नाही. का? कारण ते धन त्याच्या हाती येऊनही कोणाच्या उपयोगी पडले नाही. आमच्या पदव्यांचे असे तर होत नाही ना? भिंतीवर चौकटीत लावलेली पदवी सुरक्षित असते. पण पुरलेले द्रव्यही सुरक्षितच होते.

आपल्या मराठीत ‘पांग फेडणे’ असा सुंदर वाक्प्रचार आहे. मुलाने आईवडिलांचे पांग फेडले म्हणजे त्यांच्या कष्टांचे सार्थक केले. हे आमचे कर्तव्यच आहे आणि त्यात कमी-जास्त करायला वाव नाही. आईवडिलांना म्हातारपणी एकटे टाकून समाजसेवेच्या गप्पा मारणाऱ्याचे शिक्षण मी फुकट गेले असेच म्हणेन. तरीही दोन गोष्टी नम्रपणे सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट वडीलधाऱ्यांना. आम्ही तुमच्यासाठी एवढे केले, तेव्हा आम्ही सांगू तीच लाइन घ्या, असे काही घरांत सांगितले जाते. प्रेमापोटीच सांगितले जाते, हे मान्य. पण ऋण आणि आज्ञापालन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या मुलाला रक्त पाहून भोवळ येते, त्याला डॉक्टरकीच्या वर्गात बसवून कोणाचेच पांग फिटत नाहीत; ना तुमचे, ना त्याच्या पुढ्यात येणाऱ्या रोग्याचे.

दुसरी गोष्ट आम्हां विद्यार्थ्यांना. काही ऋणे मागे वळून फेडताच येत नाहीत. आत्याला मी साडी घेईन, औषधपाण्याला पैसे देईन, पण तिची आठवी, नववी, दहावी मी तिला परत कशी देणार? ती वर्षे गेली. ज्या बाईचा कर माझ्या कॉलेजात खर्च झाला, तिचे तर नावही मला ठाऊक नाही. असे ऋण पुढच्याला देऊनच फेडावे लागते. आज जो कोणी शाळा सोडण्याच्या बेतात आहे, तोच माझ्या आत्याचा वारस!

हे कसे करता येते याचा एक धडा मला इटलीतील एका खेड्यात सापडला. फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची छोटी वस्ती आहे. १९५४ साली फादर लोरेन्झो मिलानी यांची तेथे बदली झाली. तेव्हा त्या वस्तीला ना धड रस्ता होता, ना वीज. शेतकऱ्यांची मुले लांबच्या शाळेत जात, नापास होत आणि पुन्हा गुरांमागे लागत. फादरांनी आपल्या राहत्या घरातच शाळा सुरू केली. ती दिवसभर चाले, वर्षभर चाले, रविवारीही चाले. शिक्षक अपुरे, म्हणून थोरली मुले धाकट्यांना शिकवत. स्वतःला थोडेसे समजले की लगेच ते दुसऱ्याला समजावून सांगायचे, अशी तेथील रीत होती. भिंतीवर इंग्रजीत दोनच शब्द लिहिले होते, ‘आय केअर’, म्हणजे मला पर्वा आहे, हे माझे काम आहे. १९६७ साली या शाळेतील आठ मुलांनी मिळून ‘एका शिक्षिकेस पत्र’ हे पुस्तक लिहिले. गरिबांची मुले नापास होऊन शाळेबाहेर फेकली जातात, हे त्यांनी आकडेवारी गोळा करून दाखवून दिले. निरोग्यांना ठेवून घेणारे आणि आजाऱ्यांना घरी पाठवणारे इस्पितळ आपण चालवून घेऊ का, अशा अर्थाचा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी जून महिन्यात फादर मिलानी वयाच्या ४४व्या वर्षी वारले. पन्नास वर्षांनी, २० जून २०१७ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी बार्बियानाला जाऊन त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली.

मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की त्या मुलांनी ‘आधी मी मोठा होतो, मग बघू’ असे म्हटले नाही. चौदा वर्षांच्या मुलाला जेवढे येत होते तेवढे तो दहा वर्षांच्या मुलाला देत होता. आपण मात्र जबाबदारी पुढे ढकलतो. शिक्षण झाल्यावर, नोकरी लागल्यावर, घर झाल्यावर, मुले मार्गी लागल्यावर! तोपर्यंत देण्याची सवयच उरत नाही.

आणि गरजू शोधायला इटलीला जायची गरज नाही. दिवाळीनंतर आपल्या भागातील वीटभट्ट्यांवर आदिवासी कुटुंबे कामाला येतात. मुलेही सोबत येतात आणि त्यांची गावची शाळा मधेच सुटते. त्यांच्यासाठी विधायक संसद या संस्थेने १९९०च्या दशकात ‘भोंगा शाळा’ चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुरांची झोपडी. मुले शाळेपर्यंत येऊ शकत नाहीत, तर शाळा त्यांच्या झोपडीपर्यंत गेली. आपल्या धर्मग्रामातसुद्धा आठवी-नववीत गणिताला घाबरून मागे पडलेली मुले आहेत. खासगी शिकवणीची फी न परवडणारी घरे आहेत. रविवारी मिस्सेला ती आपल्या शेजारच्याच बाकावर बसलेली असतात.

याचा अर्थ सर्वांनी शिक्षक व्हावे किंवा कोणी परदेशी जाऊ नये, असा मुळीच नाही. आखातात राबणाऱ्या बापाने पाठवलेल्या पैशांवर आपल्याकडची कितीतरी मुले शिकली. इस्पितळात रात्रपाळी करणारी नर्स, बिल्डिंगची वायरिंग चोख करणारा इलेक्ट्रिशियन, खोट्या हिशेबावर सही न करणारा सी.ए., हे सारे आपले शिक्षण लोकांच्या कामी लावतात. ध्येय मोठे असावे, पगारही चांगला असावा. फक्त ध्येय ठरवताना आपण दोन रकाने आखावेत. एकात ‘मला काय मिळेल’ आणि दुसऱ्यात ‘माझ्यामुळे कोणाचे काय अडलेले सुटेल’. दुसरा रकाना कोराच राहिला, तर ध्येय अजून ठरलेले नाही असे समजावे.

आता माझ्याविषयी. मला शाळेत गणित शिकवायचे आहे. पण घरावर कर्ज आहे, धाकटा भाऊ अकरावीत आहे, आणि शिक्षकाची कायम नोकरी कधी मिळेल हे कोणी सांगू शकत नाही. कंपनीतली नोकरी धरली तर पैसा लवकर हाती येईल. दोन्ही बाजूंना कर्तव्यच उभे आहे, म्हणून निवड कठीण जाते. खूप विचार करून मी ठरवले आहे की पहिली दोन वर्षे नोकरी करायची, कर्जाला हातभार लावायचा आणि मग बी.एड.ला प्रवेश घ्यायचा. नोकरीची गोडी लागली की बी.एड. मागे पडते, असे अनेक जण सांगतात. ते खरेही असेल. म्हणूनच हे आपल्या सर्वांसमोर लिहून ठेवते आहे. चारचौघांत दिलेला शब्द सहज विसरता येत नाही. दोन वर्षांनी मला जरूर विचारा.

मात्र शिकवण्यासाठी मी दोन वर्षे थांबणार नाही. प्रमुख धर्मगुरूंनी चर्चच्या सभागृहात जागा देण्याचे मान्य केले आहे. येत्या जूनपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात ते आठ या वेळेत आठवी ते दहावीच्या मुलांना गणित समजावून सांगायला मी बसणार आहे. फी नाही. कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींनो, विज्ञान आणि इंग्रजीसाठी दोघे-तिघे हवे आहेत. पालकांनो, मुलांना नापास होईपर्यंत थांबू नका. येताना वही आणि न सुटलेले गणित घेऊन या.

आपली,
धर्मग्रामातील एक विद्यार्थिनी