आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

"सेन्सर बोगस निघाला, सर." हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस. रात्री अडीचला दिवा भक्कन पेटतो, आजी दचकून उठून बसते, आणि तू नवा सेन्सर मागवून मोकळा! त्या क्षणी कोणत्या ट्रिगरने दिवा लावला, हे दिवे चालवणाऱ्या होम असिस्टंटच्या नोंदींत पाहिलंस? नाही ना? मिनिटाचं काम, त्याचाही कंटाळा.

पीआयआर सेन्सर माणूस ओळखत नाही. त्याच्या टप्प्यात उष्णता हलली की तो बोलतो. हे तूच ज्युनिअर मुलांना फळ्यावर शिकवलंस. मग स्वतःच्या घरी तो खिडकीसमोर का ठोकलास? तिथे ऊन येतं, तापलेला पडदा हलतो, मांजर फिरते. म्हणे जागा सोयीची होती! कोणाची सोय?

मग रडार आणलास, एलडी२४१०. झोपलेल्या माणसाचा श्वास टिपणाऱ्या रडारला छताचा पंखा दिसणार नाही, असं वाटलं? त्यात दर ०.७५ मीटरच्या टप्प्याची संवेदनशीलता वेगळी ठेवता येते. ते सेटिंगचं पान उघडलंस तरी का?

आणि ती ऑटोमेशन! 'ऑन झाला की दिवा लाव.' बस्स. राउटर क्षणभर बंद पडला, सेन्सर 'अनअव्हेलेबल' झाला, परत आला. समोर आजी झोपलेलीच, म्हणून 'ऑन'. दिवा पेटला. 'ऑफवरून ऑन' एवढी अट घालायला हात दुखत होते? रात्रीची वेगळी अट कुठे आहे?

याहून वाईट ऐक. वीज जाऊन आली की बरेच स्मार्ट बल्ब आपणहून पेटतात. कारखान्यातून ते तसेच येतात. तिथे सेन्सरचा काडीचा संबंध नाही. बल्बच्या सेटिंगमध्ये 'वीज आल्यावर पूर्वीचीच स्थिती' निवडायची असते. तू मात्र सेन्सरमागून सेन्सर बदलत बसलास. पैसे कोणाचे गेले? झोप कोणाची मोडली?

मठ्ठ मुलावर मी एवढा घसा कोरडा केला नसता. तुला सगळं येतं, म्हणूनच चीड येते. कारण शोधायला बसलं की चूक आपली निघेल, ही भीती आहे तुला. म्हणून खरेदी करतोस आणि तिला दुरुस्ती म्हणतोस.

ती ऑर्डर आधी रद्द कर. आठवड्याच्या नोंदी काढ, प्रत्येक खोट्या पेटण्यापुढे कारण लिही आणि वही उद्या माझ्या टेबलावर ठेव. 'माहीत नाही' असा शेरा चालणार नाही.