पाळकाला कोण ओळखते?

शारजाच्या अल मजाज भागात, खालिद लगूनच्या काठावरच्या एखाद्या इमारतीत, रात्री दहानंतर लॅपटॉपसमोर बसून ग्रीक क्रियापदे गिरवणारा मराठी माणूस भेटला तर दचकू नका. दिवसा तो दुबईत हिशेब तपासतो. सुट्टीच्या दिवशी यरमूकमधल्या चर्चच्या आवारात आपल्या भाषेच्या लोकांबरोबर प्रार्थना करतो, कधी संदेशही देतो. आता त्याला नीट शिकायचे आहे. पण नोकरी सोडून तीन-चार वर्षे पुण्याच्या वसतिगृहात राहणे कसे जमणार? इथला व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की घर जाते, आणि ज्यांच्यासाठी शिकायचे ती मंडळीही दुरावते.

म्हणून दूरशिक्षण. त्यावर आपली जुनी माणसे नाक मुरडतात: घरी बसून कुणी पाळक होतो का? हा आक्षेप हलका नाही, पण तो नेमका कशावर आहे?

ज्ञानावर असेल, तर तो टिकत नाही. पौलाने रोमकरांना पत्र लिहिले तेव्हा त्याने ती मंडळी पाहिलीही नव्हती. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले ते बंगालमधल्या श्रीरामपुरात, आणि त्याला मदत होती वैजनाथ पंडितांची. अंतराने विद्या अडत नाही.

ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीला १९६३च्या सुमारास वेगळीच अडचण दिसली. शिकायला आलेली तरुण मुले शिकून पुन्हा खेड्यात जाईनात, आणि खेडे ज्यांचे ऐकत होते ते संसारी, शेतकरी लोक सेमिनरीत येऊ शकत नव्हते. मग सेमिनरीच त्यांच्याकडे गेली. घरी स्वाध्यायपुस्तिका आणि ठरावीक दिवशी शिक्षकासह बैठक. हीच पद्धत भारतात १९७१ साली बंगळुरूच्या ‘टॅफ्टी’ने आणली. यातली पुस्तिका आज पडद्यावर सहज उतरली. बैठक मात्र अनेकदा गळाली, किंवा आवाज बंद केलेल्या चौकोनांपुरती उरली.

आक्षेपाचे खरे मूळ इथे आहे. वसतिगृहात माणसाचा राग दिसतो, पंगतीतली हाव दिसते, दुसऱ्याच्या आजारपणात तो काय करतो तेही कळते. प्राचार्य सही करतात ती नुसत्या गुणांवर नव्हे. पौलालाही हे ठाऊक असावे. गलतीकरांवर चिडून लिहितानाच त्याला वाटते की आपण समोर असतो तर आवाज बदलून बोललो असतो.

मग दूरच्या विद्यार्थ्याची साक्ष कोण देणार? माझ्या मते, त्याची मंडळीच. प्राचार्यांपेक्षा तिने त्याला जास्त पाहिलेले असते: दानपेटीचा हिशेब देताना, कुणाचा मृतदेह मायदेशी पाठवण्याची धावपळ करताना, घरी बायकोशी बोलताना. यात वसतिगृहापेक्षा फसवणूक कमी, असे मी म्हणेन.

पेच एवढाच की आखातात साक्षीदार टिकत नाहीत. कुणाचा करार संपतो, कुणी कॅनडा गाठतो, कुणी मुलांच्या शिक्षणासाठी वसईला परततो. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात अर्धी मंडळी बदलू शकते, आणि नव्या माणसांना हा गृहस्थ फक्त संदेश देतानाच दिसतो. तेव्हा विद्यालयांनी उत्तरपत्रिकेसोबत मंडळीतल्या चौघांचे लेखी मत मागवावे. त्यांत निदान एक स्त्री असावी, आणि एक जण इथून परत गेलेला. त्याला आता कुणाची भीड नसते.