थांबलेला हात, अडकलेला हात

कलोपचाराविषयी आपल्याकडे अलीकडे जे बोललं-लिहिलं जातं त्यात एक समजूत हमखास असते: कागद-रंग द्या, बाजूला व्हा, पुढचं काम कला करेल. शहरांतल्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळा, रंगवायच्या मंडलांच्या वह्या, शाळांमधले ‘व्यक्त व्हा’चे तास, सगळ्यांच्या मुळाशी हीच श्रद्धा दिसते. ती ऐकायला उदार आहे. समोरच्याच्या मनाचा मान राखते असं वाटतं. पण तिच्यात उपचारकाला साहित्य पुरवण्यापलीकडे काही काम उरत नाही, आणि या व्यवसायातला सगळ्यात अवघड प्रश्न, मध्ये कधी पडायचं हा, विचारलाच जात नाही. दुसऱ्या टोकाला चित्रातल्या झाडाच्या खोडातल्या ढोलीवरून बालपणीचा आघात ओळखणारे आहेत. चित्राचा असा शब्दकोश नसतो, एवढं सांगून त्यांना सोडता येईल. ‘मध्ये पडूच नका’ म्हणणाऱ्यांना मात्र इतक्या सहज सोडता येत नाही, कारण त्यांच्या म्हणण्यात अर्धं सत्य आहे.

या भूमिकेला पूर्वज लागतो तेव्हा एडवर्ड अ‍ॅडमसनचं नाव घेतलं जातं. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या नेदर्न मनोरुग्णालयात १९४६ पासून अ‍ॅडमसनने रुग्णांसोबत काम केलं. तो चित्रांचा अर्थ लावत नसे, रंग कसा लावावा हे शिकवत नसे, सोबत असे. हे खरं आहे. पण हा संयम कुठून आला, हे सांगायचं राहून जातं. तिथल्या डॉक्टरांना रुग्णांची चित्रं अभ्यासायची होती आणि चित्रकाराचा प्रभाव त्यांत मिसळायला नको होता. म्हणजे जे आज उपचाराचं तत्त्व म्हणून मिरवतं, त्याची सुरुवात संशोधनाची अट म्हणून झाली होती. शिवाय अ‍ॅडमसन गप्प होता, निष्क्रिय नव्हता. गर्दीच्या वॉर्डांच्या त्या जगात रंगवायला वेगळी जागा असणं, तिथे तोच माणूस पुन्हा पुन्हा भेटणं, केलेलं चित्र टाकून न देता जपलं जाणं, हा रुग्णाच्या आयुष्यातला फार मोठा हस्तक्षेप होता. त्याच्या मौनाला या सगळ्याचं पाठबळ होतं. ते काढून घेऊन नुसतं मौन उचललं, तर समोरच्याच्या वाट्याला दुर्लक्ष येतं. निरीक्षणगृहातल्या मुलाला किंवा दाखल केलेल्या रुग्णाला तर अधिकाराच्या माणसाचं गप्प बसणं कधीच तटस्थ वाटत नाही. आपल्याला जोखलं जातंय असंच वाटतं.

याच काळातली दुसरी परंपरा आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. फ्रीडल डिकर-ब्रान्डाइस ही बाउहाउसमध्ये शिकलेली चित्रकार १९४२च्या डिसेंबरात तेरेझीनच्या नाझी छावणीत आली आणि १९४४च्या ऑक्टोबरात आउश्वित्झमध्ये मारली गेली. मधल्या काळात तिने छावणीतल्या मुलांना चित्रकला शिकवली. शिकवली हा शब्द इथे महत्त्वाचा. ती लयीचे सराव करून घेई, कोलाज करायला लावी, जुन्या मोठ्या चित्रकारांची चित्रं अभ्यासायला देई, आणि चित्रावर स्वतःचं नाव घालायला सांगे. तिची छावणीच्या आधीची विद्यार्थिनी एडिथ क्रेमर पुढे न्यू यॉर्क राज्यातल्या विल्टविक शाळेत त्रस्त मुलांसोबत काम करू लागली. तिने उपचारकाच्या मदतीला ‘तिसरा हात’ म्हटलं: निर्मितीला पुढे नेणारा, पण आशय न बदलणारा, स्वतःची आवड न लादणारा.

क्रेमरचं १९७१चं पुस्तक या प्रश्नावर अजूनही उपयोगी पडतं, कारण मुलं साहित्य किती तऱ्हांनी वापरतात हे तिने वेगवेगळं करून दाखवलं: रंगाशी नुसतं खेळणं, फासणं-फोडणं-चिवडणं, तीच ती ठरीव आकृती काढत राहणं, बोलण्याच्या जागी खुणेसारखं चित्र काढणं, आणि ज्याला खऱ्या अर्थाने आकार आला आहे असं काम. ‘व्यक्त व्हा’ म्हणणाऱ्यांना हे पाचही सारखेच. पण फासता फासता घाबरलेल्या मुलाला आणखी मोठा कागद देणं म्हणजे त्याला त्याच्याच पसाऱ्यात लोटणं. ठरीव आकृतीची गोष्ट वेगळी. ते अनेकदा मनाचं संरक्षण असतं, आणि ते उपटून काढण्याचा अधिकार कुणालाही नाही.

म्हणून मला सगळा प्रश्न एका फरकापाशी येऊन ठेपलेला दिसतो. हात थांबलेला आहे की अडकलेला? थांबलेल्याचं लक्ष चित्रावरच असतं. ब्रश पाण्यात आहे, नजर कागदावर आहे. तिथे बोललेला कौतुकाचा शब्दही घुसखोरी ठरतो. अडकलेल्याचं लक्ष कागदावरून निघून जातं: शेजारच्याच्या चित्रावर, दाराकडे, उपचारकाच्या चेहऱ्याकडे. किंवा हात चालूच असतो, पण माणूस तिथे नसतो. म्हणजे अडकणं नेहमी स्तब्ध दिसेलच असं नाही, आणि पूर्ण काळा झालेला कागद बिघडलेलाच असेल असंही नाही.

हे उपचारकाच्या मर्जीवर सोपवणं झालं, असा आक्षेप येईल. स्वतःची अधीरता तो मुलाच्या माथी मारेल आणि तिला मदत म्हणेल. हा धोका खरा आहे. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली सातत्याने काम करण्याची अट त्यासाठीच हवी. पण गप्प राहण्यातही उपचारकाची भीती लपू शकते, आणि ती सभ्य दिसत असल्यामुळे कुणी तपासत नाही. दुसरं, मध्ये पडायचं ते आधी साहित्यातून. माती फार ओली असेल तर कोरडी माती पुढे सरकवावी. रंग ओघळत असेल तर जाड कागद द्यावा, कोसळणाऱ्या मूर्तीला आतून तारेचा आधार कसा द्यायचा ते दाखवावं. मूर्ती कुणाची, तिला हात का नाहीत, हे विचारण्याची वेळ बहुधा नंतर येते, काही वेळा येतच नाही. असा हस्तक्षेप चुकला तरी तो नाकारणं मुलाला सोपं जातं. कोरडी माती बाजूला ढकलता येते. ‘तू रागावला आहेस का?’ हा प्रश्न तसा ढकलता येत नाही.

यासाठी उपचारकाला मानसशास्त्राइतकीच मातीचीही माहिती लागते. मूर्ती ओल्या मातीमुळे कोसळली की मुलाने पाडली, हे ज्याला हाताने ओळखता येत नाही, त्याला थांबलेलं आणि अडकलेलं वेगळं करता येणार नाही. दोन-चार दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्या अभ्यासक्रमांवर माझा आक्षेप हाच आहे: तिथे दुसऱ्यांकडून काय काढून घ्यायचं याच्या याद्या मिळतात, पण उपचारकाने स्वतः महिनोन्महिने माती-रंगात काम करावं, अडकावं, कुणाच्या तरी मदतीने सुटावं, याला वेळच ठेवलेला नसतो.